प्राचीन चीनचे शिष्ट संगीत आणि त्याला जगवणारे लौकिक संगीत

इ.स.पू. ७ मध्ये हान घराण्याचा नवा सम्राट आय गादीवर आला आणि काही महिन्यांतच त्याने दरबाराचे संगीत खाते बंद करण्याचा हुकूम काढला. यूएफू नावाच्या या खात्यात त्या वेळी ८२९ माणसे नोकरीला होती. त्यांत गायक, वादक आणि नर्तक तर होतेच, शिवाय वाद्यांच्या तारा वळणारे आणि वाद्ये सुरात लावणारे कारागीरही होते. दोन मंत्र्यांनी या सगळ्यांची तुकडीवार छाननी केली. ३८८ जणांना यज्ञयागाचे आणि पितृपूजेचे संगीत सांभाळणाऱ्या दुसऱ्या खात्यात वर्ग करण्यात आले आणि उरलेल्या ४४१ जणांना घरी पाठवण्यात आले. त्यांचे संगीत प्राचीन ग्रंथांतील नियमांना धरून नाही, किंवा ते झेंग आणि वेई या राज्यांच्या धाटणीचे आहे, असे कारण दरबारी कागदपत्रांत नोंदवलेले आहे. त्या दोन मंत्र्यांपैकी कोंग ग्वांग हा कन्फ्यूशियसचा वंशज होता.

राज्यकारभार चालवणाऱ्या मंत्र्यांनी चारशेहून अधिक कलावंतांना त्यांच्या चालींच्या धाटणीवरून कामावरून काढावे, ही गोष्ट आज विचित्र वाटते. तिच्यामागे मात्र किमान पाचशे वर्षांचा वाद होता. चिनी परंपरेने संगीताचे दोन वर्ग मानले होते : यायुए म्हणजे शिष्ट, विधिसंमत संगीत आणि सूयुए म्हणजे लौकिक, प्रचारातले संगीत. पहिले राज्याला स्थैर्य देते आणि दुसरे त्याला पोखरते, अशी अनेक विद्वानांची प्रामाणिक धारणा होती. पण या दोन संगीतांचा इतिहास नीट पाहिला, तर त्यांच्यामधली रेघ सुरांपेक्षा काळाने आणि सत्तेने आखलेली होती, असे दिसते. प्रत्येक राजघराण्याने ती रेघ थोडी सरकवली आणि शिष्ट संगीताची रिकामी होणारी कोठी दर वेळी लौकिक संगीतानेच भरली.

आधी शिष्ट संगीत म्हणजे काय, ते पाहू. पश्चिम झोऊ राजवटीत, म्हणजे साधारण इ.स.पू. अकराव्या शतकापासून, संगीत हे विधीचे अंग होते. पूर्वजांची पूजा, स्वर्ग आणि पृथ्वी यांना दिलेले बळी, धनुर्विद्येचे समारंभ, परराज्यांतून आलेल्या दूतांचे स्वागत, अशा प्रत्येक प्रसंगी कोणते संगीत वाजवायचे, कोणी वाजवायचे आणि किती वादकांनी वाजवायचे, हे ठरलेले असे. वाद्यांचे वर्गीकरण ती कशापासून बनली यावर केले जाई : धातू, दगड, रेशीम, बांबू, भोपळा, माती, चामडे आणि लाकूड असे आठ वर्ग होते. काशाच्या घंटा आणि टांगलेल्या दगडी पट्ट्या ही त्यांतली सर्वांत मानाची वाद्ये होती. नर्तकांच्या रांगाही दर्जाप्रमाणे मोजलेल्या असत. राजाधिराजासमोर ८, मांडलिक राजासमोर ६ आणि त्याखालच्या सरदारासमोर ४ रांगा नाचत. लू राज्यातल्या जी नावाच्या सरदार घराण्याने आपल्या अंगणात ८ रांगा नाचवल्या, तेव्हा हे जर सहन करायचे असेल तर मग सहन न करण्यासारखे उरले तरी काय, असे उद्गार कन्फ्यूशियसने काढले. त्या अंगणातल्या रांगा कोणाच्या हक्काच्या होत्या, हा त्याचा मुद्दा होता. नाच कसा झाला, याविषयी त्याने काहीच म्हटलेले नाही.

या संगीताचे सौंदर्य मुद्दाम आवरलेले होते. ‘लीजी’ या विधिग्रंथातल्या संगीतविषयक प्रकरणात म्हटले आहे की, पूर्वजांच्या मंदिरात वाजवल्या जाणाऱ्या तंतुवाद्याच्या तारा तांबड्या असत, त्याच्या तळाची छिद्रे मोठी ठेवलेली असत, एक गायक ओळ म्हणे आणि तिघे तिला साथ देत. लगेच पुढे त्याच प्रकरणात यज्ञात अर्पण केल्या जाणाऱ्या मांसाच्या रश्श्याचा उल्लेख येतो, ज्यात मीठमसाला काहीच घालत नसत. दोन्हींचा अर्थ एकच होता. कान आणि जीभ यांची हौस पुरवणे हे विधीचे काम नव्हते आणि आवडीनिवडीला लगाम घालायला लोकांना शिकवणे हा या संगीताचा हेतू होता. असे संगीत ऐकायला सपक वाटत असणार, हे त्याच्या समर्थकांनाही ठाऊक होते. त्यांच्या मते तोच त्याचा गुण होता.

शिष्ट संगीताला आणखी एक बाजू होती आणि ती समजल्याशिवाय राजे स्वरांच्या उंचीवरून इतके का भांडत, ते कळत नाही. चिनी सप्तकात बारा स्वरस्थाने होती आणि त्यांचा आधार ‘ह्वांगझोंग’ हा मूळ स्वर होता. तो काढणाऱ्या नळीची लांबी ८१ भाग धरली, तर तिचा एक तृतीयांश भाग वजा करून ५४ येतात. त्यात एक तृतीयांश मिळवला की ७२, पुन्हा वजा केला की ४८ आणि पुन्हा मिळवला की ६४ येतात. या पाच लांब्यांमधून मुख्य पाच स्वर मिळतात आणि हीच रीत पुढे चालवली की बाराही स्वरस्थाने हाती लागतात. हान काळात या मूळ नळीलाच राज्यातल्या सगळ्या मापांचा पाया मानले गेले. बाजरीजातीच्या ठरावीक धान्याचे ९० दाणे ओळीने मांडले की नळीची लांबी भरते आणि १,२०० दाणे आत ओतले की तिची पोकळी भरते, असे गणित होते. त्या दाण्यांवरून लांबी, आकारमान आणि वजन ही तिन्ही मापे ठरत. त्यामुळे मूळ स्वर बिघडणे म्हणजे बाजारातली मापे आणि पंचांग यांच्यासह राज्याची घडीच बिघडणे, असा विचार रूढ झाला. नव्या घराण्याने नवे संगीत घडवायचे, हा प्रघात यातूनच पक्का झाला.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. झेंग आणि वेई ही राज्ये आजच्या हनान प्रांताच्या परिसरात होती. पिवळ्या नदीच्या खोऱ्यातला हा भाग व्यापाराच्या वाटांवर होता आणि झोऊंच्या आधीच्या शांग राजवटीच्या जुन्या भूमीत मोडत होता. कन्फ्यूशियसने (इ.स.पू. ५५१–४७९) झेंगचे सूर बंद करा, ते मर्यादा सोडणारे आहेत, असे सांगितले आणि जांभळा रंग जसा शुद्ध तांबड्याची जागा बळकावतो तसे झेंगचे सूर शिष्ट संगीताचा घोळ करतात, म्हणून आपल्याला त्यांचा तिटकारा आहे, असेही म्हटले. याच माणसाने ची राज्यात जुने शाओ संगीत ऐकल्यावर तीन महिने त्याला मांसाची चव कळली नाही, अशीही नोंद आहे. म्हणजे तो रुक्ष उपदेशक नव्हता. त्याला संगीताची मनापासून ओढ होती आणि म्हणूनच चुकीच्या संगीताची धास्तीही होती.

झेंगच्या संगीतात नेमके होते काय? सुरावटी लिहून ठेवलेल्या नसल्याने विरोधकांच्या तक्रारींवरूनच अंदाज बांधावा लागतो. त्या तक्रारींत चार गोष्टी पुन्हा पुन्हा येतात : आवाज फार चढतो आणि फार उतरतो, चाल थांबत नाही, नर्तक वाकून वळून नाचतात आणि स्त्रीपुरुष एकत्र सादरीकरण करतात. पण हे खेडुतांचे गाणे होते आणि दरबाराचे संगीत त्याहून वेगळे होते, असा सोपा समज करून घेऊ नये. इ.स.पू. ५६२ मध्ये झेंगने बलाढ्य जिन राज्याच्या राजाला खूश करण्यासाठी नजराणा पाठवला, तेव्हा त्यात तीन संगीतगुरू, घंटांचे दोन संच आणि १६ वादक-नर्तक स्त्रिया होत्या. झेंगच्या राजधानीच्या जागी, आजच्या शिनझेंग इथे, विधीसाठी पुरलेल्या दोनशेहून अधिक काशाच्या घंटा उत्खननात सापडल्या आहेत. म्हणजे ‘झेंगचे सूर’ हे श्रीमंत दरबारांचे आणि नागर वस्तीचे त्या काळचे नवे संगीत होते. मानाच्या वाद्यांवर वाजवूनही ते लौकिक ठरले, कारण ते विधीसाठी नव्हते, ऐकण्याच्या आनंदासाठी होते.

खेड्यापाड्यांतल्या गाण्यांचे नशीब तर याच्या अगदी उलटे निघाले. ‘शीजिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहात ३०५ गीते आहेत. त्यांपैकी १६० गीते पंधरा प्रदेशांतली आहेत आणि त्यांत प्रेम, विरह, शेती, सक्तीची लष्करी चाकरी, नवऱ्याने टाकलेल्या बायकोचे दुःख असे सगळे आहे. एकट्या झेंगच्या विभागात २१ गीते आहेत. त्यातल्या एका गीतात बर्फ वितळून दोन नद्या भरून वाहत असताना तरुण-तरुणी काठावर भेटतात. ती त्याला म्हणते, जाऊन बघू या का. तो म्हणतो, मी जाऊन आलो. ती पुन्हा म्हणते, परत एकदा जाऊ. शेवटी थट्टामस्करी होते आणि ती दोघे एकमेकांना फुले देतात. हे गीत कन्फ्यूशियसवादी परंपरेच्या पवित्र ग्रंथांत समाविष्ट झाले, दोन हजार वर्षे विद्यार्थ्यांनी ते पाठ केले आणि भाष्यकारांनी त्याच्यातून राजनीतीचे धडे काढले. लौकिक गाणे जुने होऊन ग्रंथात गेले की शिष्ट होते, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा मिळणे कठीण आहे.

या वादातली सर्वांत प्रामाणिक वाक्ये दोन राजांच्या तोंडी आहेत. वेई या नावाचे आणखी एक राज्य होते, झेंगच्या जोडीने ज्याचे नाव येते त्याहून वेगळे. त्याचा शासक वेन (कारकीर्द इ.स.पू. ४४५–३९६) याने कन्फ्यूशियसचा शिष्य त्सिश्या याच्याजवळ मन मोकळे केले. दरबारी पोशाख चढवून मी जुने संगीत ऐकायला बसतो तेव्हा झोप लागेल की काय, हीच भीती वाटते आणि झेंग-वेईचे संगीत मात्र कितीही ऐकले तरी थकवा येत नाही, असे का, असे त्याने विचारले. त्सिश्याने दोन्ही संगीतांचे वर्णन करून उत्तर दिले. जुन्या संगीतात नर्तक एकसाथ पुढे येतात, एकसाथ मागे जातात आणि सगळी वाद्ये ढोलाच्या इशाऱ्यासाठी थांबतात, म्हणून ते संपल्यावर घर आणि राज्य यांविषयी बोलता येते. नव्या संगीतात विदूषक, बुटकी माणसे आणि माकडांसारख्या उड्या मारणारे स्त्रीपुरुष मिसळतात, म्हणून ते संपल्यावर बोलण्यासारखे काही उरत नाही. त्सिश्याचे वर्णन फार बारकाईचे आहे, पण राजाच्या प्रश्नाला त्याने बगल दिली, असे मला वाटते. राजाने काय चांगले, असे विचारले नव्हते. जे चांगले आहे ते कंटाळवाणे का वाटते, असे त्याने विचारले होते.

शंभरेक वर्षांनी ची राज्याच्या श्वान या राजाने मेन्शियस या कन्फ्यूशियसवादी विचारवंतासमोर असाच कबुलीजबाब दिला. आपल्याला प्राचीन राजांचे संगीत आवडत नाही, आजकालचे लौकिक संगीतच आवडते, हे सांगताना त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता, असे मूळ ग्रंथात आहे. मेन्शियसचे उत्तर धाडसी होते. आजचे संगीतही प्राचीन संगीतासारखेच आहे, फक्त राजा ते एकट्याने ऐकतो की प्रजेसह, एवढाच प्रश्न आहे, असे तो म्हणाला. प्रजा उपाशी असेल तर राजवाड्यातल्या घंटांच्या आवाजाने तिच्या कपाळाला आठ्या पडतील आणि प्रजा सुखात असेल तर आपला राजा बरा दिसतोय, म्हणून ती हसेल. शिष्ट-लौकिक हा भेदच मेन्शियसने दुय्यम ठरवला. त्याच्या आधी मोत्सी या विचारवंताने तर दोन्ही प्रकारच्या संगीतावर बंदी मागितली होती, कारण घंटा ओतण्याचा खर्च करातून येतो आणि वाजवणारे हात शेतीतून कमी होतात, असा त्याचा हिशेब होता.

वेनचा राजवाडा आज उरलेला नाही, पण त्याच्याच हयातीत, इ.स.पू. ४३३ च्या सुमारास, त्सेंग नावाच्या छोट्या राज्याच्या यी या शासकाला दफन केले गेले आणि त्याच्या थडग्यात त्या काळचे दोन्ही प्रकारचे संगीत जणू मांडून ठेवलेले सापडले. हूपेइ प्रांतातल्या स्वेइचोऊ शहराजवळ १९७७ साली हे थडगे लक्षात आले आणि १९७८ मध्ये त्याचे उत्खनन झाले. पाण्याने भरून गेल्यामुळे आतले लाकूड टिकले होते. मधल्या मोठ्या दालनात काटकोनात उभी असलेली तीन मजली चौकट होती आणि तिच्यावर ६५ काशाच्या घंटा टांगलेल्या होत्या. खालच्या दोन मजल्यांच्या तुळया कमरेला तलवार लटकवलेल्या सहा काशाच्या पुतळ्यांनी डोक्यावर आणि हातांवर पेलल्या होत्या. सर्वांत मोठी घंटा सुमारे २०३ किलोची आहे आणि सर्वांत लहान अडीच किलोही भरत नाही. शेजारी ३२ दगडी पट्ट्यांचा संच, ढोल, बासऱ्या, भोपळ्यात बांबूच्या नळ्या बसवलेली ‘शेंग’ वाद्ये आणि २५ तारांची ‘से’ नावाची तंतुवाद्ये होती. वाजवण्यासाठी सहा लाकडी हातोडे आणि मोठ्या घंटांसाठी दोन लांब दांडेही तिथेच होते.

या घंटांची घडण थांबून पाहण्यासारखी आहे. त्यांचा आडवा छेद गोल नाही, बदामाच्या आकाराचा आहे. त्यामुळे एका घंटेतून दोन वेगळे स्वर निघतात : काठाच्या मधोमध ठोका मारला की एक आणि बाजूला मारला की त्याच्या वरचा दुसरा. गोल घंटेचा नाद लांबत राहतो आणि पुढच्या स्वरात मिसळतो. बदामी घंटेचा नाद लवकर विरतो, म्हणून तिच्यावर सुरावट वाजवता येते. संचाचा पल्ला पाच सप्तकांचा आहे आणि मधल्या भागात बाराही स्वर मिळतात. घंटांवर सोने भरलेल्या अक्षरांत दोन्ही ठिकाणच्या स्वरांची नावे कोरलेली आहेत, शिवाय तोच स्वर चू, जिन, ची, झोऊ या दरबारांत कोणत्या नावाने ओळखला जातो, हेही लिहिलेले आहे. त्या काळचे संगीतकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होते आणि स्वरांची तुलना करत होते, हे यावरून कळते. संयम आणि साधेपणा यांचा एवढा उपदेश चालू असताना विधीची वाद्ये मात्र कमालीची प्रगत होत होती.

आता पूर्वेकडचे दालन पाहा. इथे राजाची शवपेटी होती आणि तिच्याभोवती राजासोबत मृत्यू पत्करावा लागलेल्या आठ तरुण स्त्रियांच्या पेट्या होत्या. इथे एकही घंटा नव्हती. काही ‘से’, दहा तारांचे एक तंतुवाद्य, शेंग आणि एक छोटा ढोल एवढीच वाद्ये होती. मधले दालन म्हणजे दरबार आणि हे दालन म्हणजे राजाची खासगी बैठक, असा अर्थ अभ्यासक लावतात. विधीचे संगीत चारचौघांत आणि आवडीचे संगीत आतल्या खोलीत, ही विभागणी राजाने मृत्यूनंतरच्या मुक्कामासाठीसुद्धा कायम ठेवली होती. त्या पेट्यांमधल्या मुली बहुधा त्याच्या वादक आणि नर्तकी होत्या. त्यांच्यावर काय ओढवले, याचा विचार बाजूला ठेवून या वाद्यांचे कौतुक करणे मला जमत नाही.

इ.स.पू. २२१ मध्ये चिन घराण्याने देश एक केला. त्यानंतरच्या ग्रंथदहनात आणि युद्धांत जुन्या संगीताची परंपरा मोडली. हान घराणे आले तेव्हा झ नावाच्या एका वंशपरंपरागत संगीतकार कुटुंबाला घंटा-ढोल कसे घुमत आणि नाच कसे होत, एवढे आठवत होते, पण त्यांचा अर्थ सांगता येत नव्हता. जागा रिकामी होती आणि ती लौकिक गाण्याने भरली. हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग हा सामान्य कुटुंबातला माणूस होता. इ.स.पू. १९५ मध्ये तो आपल्या पेइ या गावी परतला, जुन्या सोबत्यांना मेजवानी दिली आणि वाऱ्यावर स्वार झालेल्या ढगांचे स्वतः रचलेले गाणे गावातल्या १२० मुलांकडून म्हणवून घेत तो रडत नाचला. त्याच्या मृत्यूनंतर हेच गाणे पेइमधल्या त्याच्या स्मृतिमंदिरात पूजेचे संगीत म्हणून म्हटले जाऊ लागले. दरबारातल्या अंतःपुराच्या विधिगीतांची चालही चू प्रदेशाची होती, कारण राजाला ती आवडत असे. युद्धात त्याच्या बाजूने लढलेल्या नैर्ऋत्येकडच्या डोंगरी लोकांचा नाच त्याला भावला आणि तोही दरबारात आला. इ.स.पू. ७ च्या छाननीत या बा-यू शैलीचे ३६ ढोलवादक कामावर कायम राहिले. त्यांची कला झेंगच्या संगीताइतकीच लौकिक होती, पण घराण्याच्या संस्थापकाने ती स्वीकारलेली होती.

यूएफू खात्याचा सुवर्णकाळ सम्राट वू (इ.स.पू. १४१–८७) याच्या काळातला. त्याने झाओ, दाय, चिन आणि चू या प्रदेशांतली गाणी गोळा करवली आणि ली येननियन याला स्वरांच्या जुळणीचा अधिकारी नेमले. ली गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या घराण्यातला होता, एका गुन्ह्यासाठी त्याचे खच्चीकरण झाले होते आणि राजाची शिकारी कुत्री सांभाळण्याच्या खात्यात तो काम करत असे. यज्ञातल्या स्तोत्रांना विद्वान कवी शब्द देत आणि चाली मात्र हा माणूस बांधत असे. याच काळात सम्राटाचा सावत्र भाऊ, हच्येनचा राजा ल्यू द, याने मोठ्या कष्टाने जमवलेले जुने शिष्ट संगीत दरबाराला सादर केले. संगीताधिकाऱ्यांना त्याचा सराव करण्याची आज्ञा झाली, पण प्रत्यक्षात ते क्वचितच वाजवले जाई. दैनंदिन दरबारातच नव्हे, तर यज्ञांतही शिष्ट सूर नव्हते, असे पहिल्या शतकातला इतिहासकार बान गू खेदाने लिहितो.

सम्राट आय याच्या हुकुमाचा शेवटही बान गूनेच नोंदवला आहे. त्या सम्राटाला मुळात संगीताची आवड नव्हती आणि त्याच्या आधी सत्ताधारी नातलग गाणाऱ्या मुलींसाठी चक्क सम्राटाशी चढाओढ करत होते, त्याचीही त्याला चीड होती. खाते बंद झाले, पण लोकांच्या अंगी हे संगीत मुरलेले होते आणि त्याची जागा घेईल असे दुसरे संगीत कोणी निर्माण केले नाही, म्हणून धनिक, अधिकारी आणि प्रजा पूर्वीसारखीच त्यात रमून राहिली. या साऱ्या वादाचे मर्म बान गूच्या या निरीक्षणात आहे, असे मी मानतो.

पुढच्या काही शतकांत तर पारडे पूर्ण फिरले. हान काळच्या रस्त्यावरच्या गाण्यांतून आणि दक्षिणेकडच्या प्रेमगीतांतून ‘चिंगशांग’ नावाचा संगीतप्रकार तयार झाला होता. उत्तरेत परकी वंशांची राज्ये आली, तेव्हा तो दक्षिणेत टिकला. इ.स. ५८९ मध्ये सुई घराण्याने दक्षिण जिंकली आणि सम्राट वेनने हे संगीत ऐकून हेच खरे चिनी सूर आहेत, असा निर्वाळा दिला. ज्या गाण्यांना पूर्वीच्या मंत्र्यांनी ‘झेंग-वेईचे’ म्हणून हाकलले असते, त्यांचीच वंशज गाणी आता पूर्वजांचा ठेवा ठरली, कारण त्यांच्याहून नवे आणि परके असे काहीतरी दारात आले होते.

ते परके संगीत मध्य आशियातून येत होते आणि त्याचा एक धागा भारतापर्यंत पोहोचतो. इ.स. ५६८ मध्ये तुर्क राजकन्या उत्तर झोऊ घराण्याची सम्राज्ञी होऊन चीनला आली, तेव्हा तिच्या लवाजम्यात मध्य आशियातल्या कुचा इथला सुजीव नावाचा, पिपा हे तंतुवाद्य वाजवणारा कलावंत होता. त्याने शिकवलेल्या सात स्वरव्यवस्थांची नावे चिनी इतिहासग्रंथांत ध्वनीवरून लिहिलेली आहेत आणि त्यांत साधारित, पंचम, षड्ज, कैशिक ही नावे ओळखता येतात. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात लिहिल्या गेलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तही ग्रामरागांमध्ये साधारित, पंचम आणि कैशिक भेटतात. सुई दरबारात शिष्ट संगीताची शुद्धी करण्याचे काम निघाले, तेव्हा झेंग यी या अधिकाऱ्याने सुजीवाच्याच पद्धतीच्या आधारे चिनी स्वरांमधल्या चुका दाखवल्या. प्राचीन ऋषितुल्य राजांचे संगीत दुरुस्त करण्यासाठी मेजवान्यांत वाजवणाऱ्या परदेशी कलावंताचे ज्ञान लागले.

तांग घराण्यात (इ.स. ६१८–९०७) हा प्रश्न मोकळेपणाने चर्चिला गेला. चेन हे राज्य त्याच्या शेवटच्या राजाच्या विलासी गाण्यामुळे बुडाले, असे एका अधिकाऱ्याने म्हटल्यावर सम्राट ताइत्सोंग याला ते पटले नाही. सूर कोणाला दुःखी करत नाहीत, बुडत्या राज्यातली माणसे आधीच दुःखी असतात, म्हणून ऐकताना रडतात आणि आज तीच गाणी माझ्यासमोर वाजवली तरी कोणी रडणार नाही, असे तो म्हणाला. त्याच्या दरबारात ६४२ पर्यंत समारंभी संगीताचे दहा विभाग झाले. त्यांत चिंगशांग होते, तसेच भारत, कोरिया, कुचा, बुखारा, समरकंद, काशगर यांच्या नावाचे विभागही होते.

इ.स. ७१४ मध्ये सम्राट श्वानत्सोंग याने प्रशासकीय तोडगा काढला. तोपर्यंत शिष्ट आणि लौकिक ही दोन्ही संगीते ताइछांग या विधिखात्याकडे होती. विधिखात्याने नट-विदूषक सांभाळणे बरे नाही, असे सांगून त्याने लौकिक संगीतासाठी ज्याओफांग ही वेगळी कार्यालये उघडली आणि नासपतीच्या बागेत ३०० निवडक वादकांना तो स्वतः शिकवू लागला. वरवर पाहता यात शिष्ट संगीताचा मान राखला गेला. प्रत्यक्षात पैसा, हुशार कलावंत आणि सम्राटाचा वेळ हे सगळे दुसऱ्या बाजूला गेले. नवव्या शतकाच्या आरंभी कवी बाय जूई याने याचा परिणाम एका कवितेत सांगितला आहे. दरबारात बसून वाजवणाऱ्यांचा दर्जा वरचा आणि अंगणात उभे राहून वाजवणाऱ्यांचा खालचा. बैठकीच्या तुकडीत जो टिकत नाही, त्याला उभ्यांच्या तुकडीत ढकलतात आणि तिथेही जो चालत नाही, त्याला घंटा आणि दगडी पट्ट्यांवर शिष्ट संगीत वाजवायला पाठवतात. स्वर्ग आणि पूर्वज यांना प्रसन्न करणारे संगीत सर्वांत कच्च्या वादकांच्या हाती द्यायचे, याचा संताप त्या कवितेत शब्दाशब्दांत आहे.

सोंग काळात (इ.स. ९६०–१२७९) शिष्ट संगीत परत उभारण्याचे कसून प्रयत्न झाले. ९६० पासून बाराव्या शतकाच्या आरंभापर्यंत मूळ स्वराची उंची आणि वाद्ये सहा वेळा बदलली गेली. धान्याचे दाणे आडवे मांडायचे की उभे, यावर विद्वानांनी आयुष्ये घालवली. शेवटी सम्राट ह्वेइत्सोंग याच्या दरबारात स्वतः सम्राटाच्या बोटांची लांबी हेच माप मानावे, असा प्रस्ताव मान्य झाला आणि ११०५ मध्ये नव्या घंटा ओतून त्या संगीताला दाशेंग हे नाव दिले गेले. त्याच वेळी राजधानी कायफेंगच्या करमणुकीच्या वस्त्यांत कथेकरी, गायिका आणि नाटकवाले यांच्यासमोर रोज गर्दी होत होती. अकराव्या शतकातला अभ्यासक शेन क्वो याने तोवरच्या साऱ्या इतिहासाची शांतपणे वर्गवारी केली : प्राचीन राजांचे संगीत ते शिष्ट, मागच्या काळातले नवे सूर ते चिंगशांग परंपरेतले आणि मध्य आशियाई संगीताशी मिसळलेले ते मेजवानीचे. या मधल्या वर्गाच्या व्याख्येतच, एकेकाळचे नवे आता जुने आणि प्रतिष्ठित झाले आहे, याची कबुली आहे.

दाशेंग वाद्यांचा एक मोठा संच १११६ मध्ये कोरियाच्या कोर्यो दरबाराला भेट म्हणून पाठवला गेला. चीनमध्ये थोड्याच वर्षांत उत्तरेकडचे आक्रमक आले आणि कायफेंग पडले. कोरियात मात्र पंधराव्या शतकात राजा सेजोंगच्या काळी ग्रंथांच्या आधाराने हे विधिसंगीत पुन्हा घडवले गेले आणि सोलमधल्या कन्फ्यूशियसच्या मंदिरात वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, घंटा व दगडी पट्ट्यांवर ते अजून वाजते. जपानने तांग काळात चीनकडून संगीत घेतले, तेव्हा विधीच्या संगीताऐवजी मेजवान्यांत वाजणारे, मध्य आशियाच्या वळणाचे संगीत नेले. त्याच्या दरबारी परंपरेला जपानमध्ये गागाकू म्हणतात आणि ते नाव चिनी यायुएच्याच दोन अक्षरांनी लिहितात. शेन क्वोने ज्याला तिसऱ्या वर्गात टाकले असते, ते संगीत तिथे हजारांहून अधिक वर्षे पहिल्या वर्गाच्या नावाने वाजवले जात आहे.